ओटीचा पासंग

माझ्या नवऱ्याला शितावरून भाताची परीक्षा करायचा सरकारी पगार मिळत असे. हे मी थट्टेनं म्हणते, पण खोटं नाही. शेतकी खात्यानं त्यांना पुण्याला पाठवून शिकवून आणलं होतं, आणि शिकवलं काय, तर गावातली सगळी दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, न मोजता गावात दादर किती पिकली हे कसं सांगायचं. माझी आई जळगावला चुलीपुढे बसून रोज हेच करायची. तिला कुणी छदाम दिला नव्हता.

लढाईचं पाचवं वर्ष होतं. शहरात रेशन लागलं होतं आणि खेड्यांवर लेव्ही बसली होती, म्हणजे पिकाच्या मानानं ठरेल तेवढी ज्वारी गावानं सरकारला घालायची. पीक किती ते आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरभरून. सहा आण्यांच्या खाली गेलं की लेव्ही माफ. चाळीसगावाकडच्या आडगव्हाणला मामलेदारांनी घोड्यावर बसून एक फेरी मारली आणि दहा आणे लिहिले. गावानं बोंब ठोकली. सहा आणेसुद्धा नाही म्हणून कलेक्टरांकडे अर्ज गेला. कलेक्टरांनी दोघांवरही विश्वास न ठेवता आमच्या ह्यांना धाडलं, आणि मीही मागे लागून बरोबर गेले. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मोतीलाल पाटलांनी त्यांच्या खळ्याला लागून असलेली एक खोली आम्हाला राहायला दिली.

गेल्या गेल्याच मला पश्चात्ताप झाला. सगळा गाव आमच्या दाराकडे डोळे लावून बसलेला. मी पाण्याला निघाले की माणसं बोलायची थांबत. ह्यांनी कपाळाला आठी घातली तरी गावात बातमी व्हायची. घरात बसवत नाही आणि बाहेर निघवत नाही, अशी माझी गत झाली होती.

ह्यांचं काम पाहून तर मला हसावं की रडावं कळेना. ह्यांच्याजवळ आकड्यांचं एक छापील पुस्तक होतं. त्यात नुसते आकडे, ना हिशेब ना पाढे. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल त्या नंबरचं वावर धरायचं. मग बांधाच्या कोपऱ्यापासून पुन्हा पुस्तक सांगेल तितकी पावलं आत जायचं, चार खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. त्या चौकोनातली ताटं कापून कणसं खुडायची, बडवायची, पाखडायची आणि दाणा तोलायचा. चौकोन चोपण, खारवट जमिनीत पडला तर चोपणात, आणि तगड्या पिकात पडला तर तिथं. एकदा मोतीलाल पाटील म्हणाले, "पंडितराव, दहा पावलं अलीकडे या ना. तिकडे पार वाळून गेलंय." हे म्हणाले, "दहा पावलं तुमच्यासाठी सरकलो, तर उद्या मामलेदारांसाठी दहा पावलं सरकावं लागेल."

मी एकदा विचारलं, "एवढ्या मोठ्या शिवारातल्या वीस चौकोनांवरून सगळं गाव कळतं?"

"नेमकं कळत नाही," हे म्हणाले. "वीस चौकोनांची सरासरी निघते. गावाची खरी सरासरी तिच्या जरा वर असेल नाही तर जरा खाली. किती वर, किती खाली, ते मात्र सांगता येतं."

"आणि मामलेदारांचे दहा आणे?"

"समज, त्यांचं म्हणणं खरं. मग मी आंधळेपणानं वावरं उचलली तर काही चौकोन बारा आण्यांचे निघतील, काही आठचे. पण सगळे जर सहाच्या आसपास घुटमळायला लागले, तर? दहा आणे खरे असताना तसं व्हायला नशीब फारच वेडंवाकडं पाहिजे. म्हणून मग त्यांचं म्हणणं टाकून द्यायचं."

"आणि नशीब खरंच वेडंवाकडं असलं तर?"

"शंभरात पाच वेळा मी चुकेन. तेवढं चालतं."

"कुणाला चालतं?" मी विचारलं. ते हसले आणि दोरी गुंडाळायला लागले.

चौकोनाच्या खुडणीला तीन बाया असत. भागाबाई त्यांतली थोरली. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, खुद्द पाटलांचीसुद्धा. दुसरी भिकुबाई. तिचा नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो गेलाच, परत आला नाही. तिला वावर नव्हतं, बैल नव्हते, दोन मुली मात्र होत्या. तिसरी जी मिळेल ती. त्या बायांशी बोलायला मी तरसून गेले होते. पण साहेबाची बाई म्हणून त्या मला पाहिल्या की पदर सावरून उभ्या राहत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एक दिवस तिसरी बाई आली नाही. मी विळा उचलला आणि निघाले. हे नको नको म्हणत राहिले, पण मी ऐकलं नाही. तासाभरात माझे हात चिरले आणि पाठीचा काटा ढिला झाला. भागाबाईला मात्र माझा धसमुसळेपणा पाहून हसू आवरेना. ती हसली आणि मग भिकुबाईही हसली. त्या गावात आल्यापासून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

काम संपलं. बायांनी जाता जाता चांगली टपोरी कणसं वेचून ओटीत घातली. मी नुसतीच उभी होते. भागाबाईनं मूठभर, दोन मुठी, तीन मुठी करत माझ्याही ओटीत कणसं कोंबली.

"राहू द्या हो, अक्का," मी म्हटलं.

"रिकामी ओटी घर लई जावो नही, बाई," ती म्हणाली. "वावर रुसस."

हे त्याच वेळी चार हातांवर दोरी सोडवत होते. त्यांनी पाहिलं असणारच. पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस. रावेरला त्यांच्या घरच्या वावरातून संध्याकाळी बाया अशाच ओट्या सावरत निघत असतील. लहानपणापासून जे रोज पाहिलं ते त्यांना दिसेनासं झालं होतं. पाटलांना दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. ती ओटी कुणी कुणाला देत नसे आणि कुणी मागतही नसे. खुडणीच्या दिवसांत भिकुबाई अशा ओट्या मडक्यात साठवायची, आणि पुढच्या पावसापर्यंत तिच्या मुलींच्या तोंडात जो घास पडे तो त्यातला. हे तिनंच मला वाटेत सांगितलं, त्यात काही लपवण्यासारखं आहे असं तिला वाटलंही नाही.

मी ओटी घेऊन घरी आले ती मोठी लढाई मारल्यासारखी.

वीसही चौकोन झाले आणि सरासरी निघाली. सहा आण्यांना थोडी कमीच. गावाला वास लागलाच. मोतीलाल पाटलांनी दुधाचा तांब्या पाठवला, तो ह्यांनी परत केला, तरी पाटलांचा चेहरा काही उतरला नाही. हेसुद्धा खुशीत होते. घोड्यावरून पीक मापणाऱ्यांना एकदाचं खोटं पाडलं, हा आनंद त्यांना लपवता येईना. मी माझ्या ओटीतली दादर बडवली, जात्यावर दळली आणि भाकरी केली.

ह्यांनी पहिलाच घास घेतला आणि म्हणाले, "ही रेशनची नाही. कुठली गं दादर? गोड आहे."

"तुमच्याच चौकोनातली," मी ऐटीत म्हटलं.

त्यांचा हात ताटातच राहिला. "कुठल्या चौकोनातली?"

मी सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं तोंड असं पांढरं पडत चाललं की मी मध्येच थांबले.

"तीन बाया," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी तीन ओट्या. तोलायच्या आधी."

"अहो, ओटीभर तर कणसं. पाटलांच्या वावरात दहा बाया खुडतात, दहा ओट्या जातात, रास हलते का?"

"वावर केवढं आणि चौकोन केवढा? आपल्या अंगणाएवढा. त्यातून तीन ओट्या गेल्या तर राहिलं काय?" ते उठलेच. भाकरी तशीच राहिली. "आणि मूर्ख मी, वीस चौकोन केले म्हणून निर्धास्त बसलो. कुठं जास्त पडेल, कुठं कमी पडेल, विसांत फिट्टंफाट होईल. पण हे तसं नाही. तराजूलाच पासंग असला तर शंभर वेळा तोलून काय उपयोग? शंभर वेळा एकाच बाजूला झुकणार."

मला त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला. "मग सांगू नका," मी म्हटलं. "मामलेदारांनी तरी कुठं खरं लिहिलंय?"

"दहा खोटे म्हणून सहा खरे होत नाहीत, मंजू. आणि खरं किती ते मला तरी कुठं माहीत आहे? नुसती शंका आहे. आधी शंकेची परीक्षा घ्यायला हवी."

पुढचे दिवस ते घरात टिकेनात. अंगणातून बांधावर, बांधावरून अंगणात. त्यांचं पाहून मलाही एका जागी बसवेना. भांडी घासलेली पुन्हा घासायची, झाडलेलं पुन्हा झाडायचं. तिकडे चावडीवर मामलेदार यायचा दिवस जवळ येत होता. गाव लेव्ही सुटली म्हणून आधीच मारुतीला नारळ फोडून बसलं होतं, आणि शंका काय आहे ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक. पाटलीणबाईंनी हाक मारली तरी मी दचकायची.

परीक्षा अशी ठरली. आणखी दहा वावरांत दोरीचे दोन दोन चौकोन शेजारी शेजारी आखायचे, एकाच बांधाचे, एकाच मातीचे. चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीत येईल त्या चौकोनात बायांनी रीतीप्रमाणे ओटी भरायची, दुसऱ्यात नाही. ह्यांचा आधीचा विचार सरळ ओट्याच तोलायचा होता. ते ऐकून भागाबाईनं विळा खाली टाकला.

"आमनी झडती लेस का, साहेब? आम्ही काय चोरट्या शेतस?" ती म्हणाली. "ओटी झाडनी पडी तं मी कामले येसू नही."

म्हणून चिठ्ठ्यांची युक्ती निघाली, आणि त्यासाठीही मलाच मध्ये पडावं लागलं. मी भिकुबाईचा हात धरून म्हटलं, "फक्त चिठ्ठीतल्या चौकोनांपुरतं. माझ्यासाठी." असं का, हे तिला कळलं नव्हतं. पण काहीतरी वाईट चाललंय एवढं कळलं होतं.

"तुनाकरता करसू, बाई," ती म्हणाली.

मी मनातून देवाला विनवत होते की दोन्ही चौकोनांचा दाणा सारखाच भरू दे. पहिल्या वावरात बिनओटीचा चौकोन जड भरला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात उलटं झालं, ओटीचाच चौकोन जड निघाला, आणि मी इतकी हरखले की ह्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग पुन्हा बिनओटीचा, पुन्हा बिनओटीचा. शेवटच्या वावराला तर मी गेलेच नाही.

"ओटीनं काही फरक पडत नसता," हे संध्याकाळी म्हणाले, "तर छापा-काट्यासारखं झालं असतं. कधी हा जड, कधी तो. एक सोडून सगळे एकाच बाजूला गेले. आता मला शंका घ्यायला जागा नाही."

"मग किती?"

"आठ आण्यांच्या वर. साडेआठाच्या आसपास."

मामलेदार आले. चावडी गच्च भरली होती. आम्ही बाया बाहेर लिंबाखाली उभ्या होतो. ह्यांनी उठून सगळं सांगितलं, पहिली सरासरी, तिच्यातली चूक, दुसरी परीक्षा, काहीच ठेवलं नाही. ओटीचा शब्द निघाला. माझ्या शेजारी भिकुबाई उभी होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

मामलेदारांचे दहाही गेले आणि गावाचे सहाही. ठरले साडेआठ. लेव्ही बसली.

मग ह्यांनी एक प्रयत्न केला, तो मात्र मी विसरणार नाही. ते म्हणाले, "साहेब, ही ओटी जमीनवाल्याच्या घरी जात नाही. ती पिकात धरू नका. लेव्ही लावताना वजा करा."

"वजा केली तर गावाची सरासरी किती उतरते?" मामलेदारांनी विचारलं.

खोटं बोलणं ह्यांना जमलं असतं तर त्या दिवशी बोलले असते. "अख्ख्या वावराच्या मानानं... जवळजवळ काहीच नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर," मामलेदार म्हणाले आणि टोपी उचलली.

सरासरीत ओटी काहीच नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचं सगळं वर्ष तिच्यात होतं, आणि गावाच्या सरासरीत ती काहीच नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडावं ते सुचेना.

मोतीलाल पाटील उठले. माणूस वाईट नव्हता. पण भरल्या चावडीत हरला होता. "सरकार जर ओटी मना पीकमा धरस," ते म्हणाले, "तं ओटी मनी शे. उद्यापाईन ओटी बंद. बठ्ठा शिवारमा बंद." ओटी त्यांची झाली, आणि सगळ्या शिवारात बंद झाली.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्याच मोठ्या वावरात खुडणी होती. मी गेले. हेही आले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसेल. मी भिकुबाईच्या शेजारच्या तासाला लागले. दिवसभर कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी माझ्या धसमुसळेपणाला हसलं नाही. दिवस कलला, काम आवरलं, आणि हात सवयीनं चालले. बायांच्या ओट्या भरल्या. त्यांना आठवलं नाही असं नव्हे. हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

बांधावर पाटील उभे होते. इतक्या वर्षांत खुडणी संपताना ते कधी बांधावर आले नव्हते म्हणे. बाया जवळ आल्या तशी त्यांनी मान वळवली आणि दूर सातमाळ्याच्या डोंगराकडे पाहायला लागले. ते कुणाला काही विचारणार नव्हते. मला स्पष्ट दिसत होतं, ते विचारणार नव्हते. मी मनात म्हटलं, चला, निघा, पटकन निघून जा.

भिकुबाई त्यांच्यासमोर थांबली. खाली बसली. तिनं ओटीतली कणसं एक एक करून बांधावर ठेवली, घाई न करता, भांडी मांडावीत तशी. मग उठून लुगडं झटकलं. तिच्यामागे भागाबाई बसली. मग सगळ्याच.

"अक्का," पाटील म्हणाले. "लई जाय. मी काही बोलनू का? लई जाय ना!"

"मोजेल शे ते, पाटील," भिकुबाई म्हणाली. "मोजेल दानाले आम्ही हात लावतस नही."

रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. तिनं साधंच सांगितलं. आजवर ती ओटी कुणाचीच नव्हती, म्हणून तिची होती. आता उचलली तर चोरी आणि पाटलांनी दिली तर भीक. चोरी तिनं कधी केली नव्हती आणि भीक तिला नको होती.

माझ्याही ओटीत कणसं होती. मी ती घेऊन तिच्या मागे धावले. "माझी घ्या," मी म्हटलं. "माझी तर कुणी मोजली नाहीत." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तिचा तो चिरलेला, खरखरीत हात, आणि मान हलवली. तिला माझा राग नव्हता, हे मला आणखी लागलं.

बाया गावाच्या वाटेला लागल्या. पाटील कणसांच्या ढिगापाशी उभे राहून ओरडत होते, "लई जा ना, बाया! मी सांगस ना, लई जा!" कुणी मागे वळून पाहिलं नाही. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा आकडा बरोबर होता, आणि त्यात त्यांनी कुठंही लबाडी केली नव्हती. ते मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

भिकुबाई सगळ्यांच्या पुढे होती. घरी तिच्या दोन्ही मुली चूल पेटवून तिची वाट बघत बसल्या असणार, हे पाटलांना माहीत होतं, ह्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.